मेलेल्या लाकडाची निगा

बजाजनगरात एखाद्या रविवारी सकाळी कुजक्या अंड्यांचा वास सुटला की नवे भाडेकरू कंपन्यांच्या नावाने खडे फोडायचे आणि जुने लोक गुमान खिडक्या लावून घ्यायचे. जुन्यांना ठाऊक असायचं की कुठल्याही कंपनीत काही फुटलेलं नाही, कडुबा शेजूळ गच्चीवर चुना आणि गंधक उकळतोय. कशासाठी, असं विचारलं तर तो सरळ सांगायचा की मेलेल्या लाकडाला लावायला. यापुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नसे.

कडुबा वाळूजच्या एका कारखान्यात टर्नर. लेथवर लोखंड तासायचं, शिफ्ट संपली की घरी यायचं. गाव लासूर स्टेशनपासून सातएक किलोमीटर आत. आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले म्हणून याचं नाव कडुबा ठेवलेलं, म्हणजे यमाला हा घास कडू लागावा. यमाचं माहीत नाही, पण शाळेतल्या मास्तरांपासून कारखान्यातल्या टाइमकीपरपर्यंत ज्याने ज्याने हे नाव ऐकलं त्याने एकदा तरी तोंड वाकडं केलं. कडुबाने ते मनावर घेतलं नाही. काहीच मनावर न घेणं हा त्याचा मोठा गुण आहे, असा त्याच्या बायकोचा, आशाबाईचा, समज होता. तो साफ चुकीचा होता. माणूस सगळं मनावर घ्यायचा, फक्त बोलायचा नाही.

बोन्सायच्या नादाला तो लागला तो निव्वळ शिफ्टच्या वेळापत्रकामुळे. दोन हजार दहा साली कारखान्यातल्या साहेबलोकांना कुणीतरी सांगितलं की कामगारांच्या डोक्यावर ताण असतो. ओव्हरटाइम कमी करण्यापेक्षा छंदवर्ग काढणं सोपं, म्हणून तीन वर्ग काढले: योगासनं, भाषणकला आणि बोन्साय. योगासनं पहाटे साडेपाचला, म्हणजे पहिल्या शिफ्टवाल्यांची आपोआप सुटका झाली. भाषणकलेचा वर्ग युनियनच्या पुढाऱ्यांनी पहिल्याच दिवशी भरून टाकला, जणू त्यांना त्याची गरज होती. उरलं बोन्साय. कडुबाला वाटलं, काहीतरी खायचं असेल.

वर्ग घ्यायला यायच्या कालिंदी कायगावकर. शहरातल्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, सिडकोत राहणाऱ्या, गच्चीवर शंभर कुंड्या असलेल्या. झाडांबद्दल त्या इतक्या हळू आवाजात बोलायच्या की मागच्या बाकावरच्यांना वाटायचं कुणाच्या तरी घरची भानगड सांगतायत. त्यांचं एक मंडळही होतं. त्यात डॉक्टरांच्या बायका, निवृत्त इंजिनिअर आणि निवृत्त इंजिनिअरांनी घरात लुडबुड करू नये म्हणून बायकांनी तिथं धाडलेले आणखी काही इंजिनिअर असायचे. कंपनीच्या गणवेशात येणारा त्यांच्यात एकटा कडुबा, आणि ज्याच्या कुंड्या मेल्या नाहीत असाही बहुतेक तो एकटाच.

एके दिवशी मॅडमनी जपानातल्या डोंगरावरच्या झाडांचे फोटो दाखवले. बर्फाने, विजेने अर्धं झाड मेलेलं, साल गळून गेलेलं, हाडासारखं पांढरं लाकूड उघडं पडलेलं, आणि त्याच्या कुशीतून एकच हिरवी फांदी निघालेली. बोन्सायमध्ये हे हाताने करतात, मॅडम म्हणाल्या. साल सोलायची, पकडीने लाकडाचे धागे ओढून काढायचे, छिन्नीने कोरायचं, उन्हात सुकवायचं, मग चुना-गंधकाचं उकळलेलं पाणी ब्रशने लावायचं. त्याने लाकूड पांढरं पडतं, किडत नाही, कुजत नाही, वर्षानुवर्षं टिकतं. हे मेलेलं लाकूडच झाडाला वय देतं, प्रतिष्ठा देतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कडुबा म्हणाला की आमच्याकडं हे काम ऊनच करतंय, त्याला पक्कड लागत नाही. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पण या कामावर हात बसला तो कडुबाचाच. ज्याने पंचवीस वर्षं लोखंडाच्या केसभर जाडीशी झटापट केली त्याला लाकूड म्हणजे लोणी. वर्षभरात मंडळातल्या सगळ्यांची मेलेली लाकडं त्याच्याकडे यायला लागली. छाटणी, आकार, खतपाणी यांत त्याला गोडी नव्हती. त्याचं म्हणणं, झाडाच्या जिवंत भागाला पाणी घातलं की तो आपला आपण जगतो, त्यात माणसाचं काय कौतुक. निगा लागते ती मेलेल्याची. त्याच्याकडे रोज बघावं लागतं, खाली वाळवी लागली का, वर भेग गेली का, पाणी कुठं मुरलं का. मंडळातल्या एका निवृत्त इंजिनिअरला हे वाक्य फार आवडलं आणि त्याने ते स्वतःचं म्हणून दोन ठिकाणी सांगितलं.

आता मुद्द्याचं. कडुबाच्या वडिलांची, धोंडिबांची, गावाकडे तीनशे झाडांची मोसंबीची बाग होती. धोंडिबांना या बागेचा एवढा ताठा की लग्नाला गेले तरी कोपरीच्या दोन्ही खिशांत मोसंब्या घालून जायचे आणि नवरदेवाला जेवण सोडून त्या खायला लावायचे. फळांची तोड झाली की दरवर्षी बागेतली सल काढायची, म्हणजे वाळक्या काड्या, मेलेल्या फांद्या करवतीने साफ करायच्या आणि कापल्या जागी मोरचूद-चुन्याचं निळं मलम फासायचं. सल ठेवली की झाड बसतं, हे धोंडिबांचं ठाम मत. या कामाला ते दरवर्षी कडुबाला बोलवायचे आणि दरवर्षी नेमका कडुबाचा ओव्हरटाइम निघायचा.

दोन हजार बाराचा पावसाळा कोरडा गेला. जानेवारीत विहिरीचा तळ दिसला. मार्चमधल्या एका बुधवारी कडुबाने कारखान्याच्या कॅन्टीनमधून गावी फोन केला. एका हातात ताट, खांद्याने कानाशी दाबलेला मोबाइल, मागे दोघे पोळीसाठी घाई करतायत. धोंडिबा बागेचं सांगत होते, पानं गोळा झाली म्हणून, आणि कडुबा म्हणाला, ‘आबा, सोडा आता. बाग नाय वाचत. तोडून टाका.’ पलीकडून धोंडिबा बरं म्हणाले. कडुबाने ताटात वरण घेतलं. आठवड्याभरात बाग आडवी झाली.

आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात पाऊस आला. चांगला, नेमाने, लाज वाटावी इतका वेळेवर. शेजारच्या बांधावरच्या बद्रीनाथने चार महिने टँकरचं पाणी घालून, झाडांच्या बुडात उसाचं पाचट अंथरून शंभरेक झाडं कशीबशी धरून ठेवली होती. त्यांना मृगाचा बहार आला. धोंडिबांच्या रानात तोवर नुसते खड्डे होते.

धोंडिबा शिव्यांच्या बाबतीत हात राखणारे नव्हते. बैल, ग्रामसेवक, टीव्हीवर हवामान सांगणारी बाई, सगळ्यांना सारखा न्याय. पण बागेवरून पोराला त्यांनी एक शब्द ऐकवला नाही, त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. कडुबाने त्याचा अर्थ लावला की गुन्हा शिवीच्या पलीकडचा आहे. अजून दोन महिने कळ काढली असती तर बाग राहिली असती, आणि ती आपल्या एका वाक्याने गेली, हे त्याच्या छातीत बसून राहिलं. बापाने एकदा आई-माईवरून घ्यावं किंवा एकदा जाऊ दे म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. यातलं काहीच होत नव्हतं, आणि विचारायची त्याची छाती नव्हती.

बाग तोडली त्याच्या पुढच्या रविवारी तो गावी गेला होता. मुरमाड कोपऱ्यातलं एक झाड तेवढं उभं होतं, कारण तिथल्या दगडांवर करवत बोथट होईल म्हणून तोडणाऱ्यांनी ते सोडलं होतं. पंचवीस वर्षांत दीड हाताच्या वर न गेलेलं, पिंढरीएवढं जाड, एका बाजूला कलतं झालेलं. कडुबाने ते कुदळीने मुळांसकट काढलं, आशाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि मोटारसायकलवर पाठीशी बांधून आणलं. लासूर स्टेशनच्या हॉटेलात चहाला थांबला तर ओळखीच्या एकाने वहिनींची तब्येत बरी नाही का म्हणून विचारलं.

मोसंबीचं झाड म्हणजे दोन झाडं असतात. खाली जंभेरी, आंबट, काटेरी, चिवट. तिच्यावर मोसंबीचा डोळा भरतात, म्हणजे काडीवरची कोंबाची जागा सालीसकट कापून बसवतात, आणि वरचं सगळं झाड त्या डोळ्यातून वाढतं. कडुबाने आणलेल्या झाडातली मोसंबी पार मेली होती. पावसाळ्यात जोडाच्या खालून दोन कोंब फुटले ते जंभेरीचे. म्हणजे कुंडीत जिवंत होती ती परकी, आणि घरची होती ती मेलेली. कडुबाने जंभेरीला एका बाजूला लहानसं वाढू दिलं आणि सगळा जीव मोसंबीवर लावला. साल सोलली, पोकळ भाग कोरला, फांद्यांची टोकं वाऱ्याने झिजल्यासारखी केली. गुलमंडीच्या बाजारातून निरनिराळ्या जाडीचे ब्रश आणले. मॅडम पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा पाच मिनिटं झाडाभोवती फिरल्या. मग म्हणाल्या, ‘शेजूळ, याला हात लावायला मला भीती वाटते.’ मंडळात यापेक्षा मोठा मान नव्हता.

चुना-गंधक पहिल्यांदा उकळलं तेव्हाचा प्रसंग मात्र बजाजनगर अजून विसरलेलं नाही. एक वाटी चुना, दोन वाट्या गंधक, दहा वाट्या पाणी, तासभर उकळायचं, हे मॅडमनी सांगितलं होतं. वासाचं सांगायचं त्या विसरल्या. अर्ध्या तासात गल्लीतल्या बायका पोरं घेऊन मैदानावर पळाल्या, कुणीतरी गॅस फुटल्याचा फोन केला आणि अग्निशमनची गाडी घंटा वाजवत आली. जवान धापा टाकत गच्चीवर चढले तर तिथं कडुबा स्टोव्हवरच्या पातेल्यात पळी फिरवतोय. काय करताय म्हणून विचारल्यावर त्याने खरं ते सांगितलं. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबाने पातेलं पाहिलं, पांढरं झाड पाहिलं, आणि आशाबाईला बाजूला घेऊन घरात सगळं ठीक आहे ना असं विचारलं. त्यानंतर कडुबा आदल्या दिवशी गल्लीत सांगून ठेवायला लागला, जसं लोक सत्यनारायणाचं सांगतात. दर तीन महिन्यांनी एक हात. अडीच वर्षं.

दोन हजार पंधराला पुन्हा पावसाने दगा दिला. बजाजनगरच्या नळाला सहाव्या दिवशी पाणी. घरात माणसं दोन आणि कुंड्या बावीस, त्यामुळे आधी कुंड्यांनी न्हावं आणि राहिलं तर माणसांनी, असा या घरचा नेम आहे हे आशाबाई आल्यागेल्याला सांगायची. त्या पांढऱ्या लाकडाशी तेवढं तिचं भांडण नव्हतं. त्याला पाणी लागायचंच नाही, उलट कोरडं ठेवावं लागायचं. घरात न मागणारं तेवढं एकच, असं ती म्हणायची आणि नवऱ्याकडे बघायची.

गावात प्यायच्या पाण्याची बोंब झाली तशी दिवाळीनंतर धोंडिबा बजाजनगरला राहायला आले. एक पेटी, छाटणीची करवत, आणि कलमाचा चाकू. चाकू कशाला आणला म्हणून सुनेने विचारलं तर म्हणाले, घरी ठेवून चोरांची सोय कशाला करू. आंघोळीचं त्यांचं एकच म्हणणं, गॅसवरच्या पाण्याने अंग धुतल्यासारखं वाटत नाही. म्हणून गच्चीवर तांब्याचा बंब मांडला गेला आणि ते त्यात सुतारांकडचे तुकडे आणून जाळायला लागले. बोन्सायबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला की झाडाला उपाशी ठेवायचं, मोठं होऊ द्यायचं नाही आणि वर लोकांना दाखवायचं, असं पोराच्या बाबतीत केलं तर पोलीस धरतील.

मोसंबीचं झाड त्यांनी ओळखलं. गच्चीवर पाऊल टाकताच एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्ची उचलली आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. आशाबाईने झाडताना खुर्ची सरळ केली तर पुन्हा फिरवून घेतली. दोन महिने ते तसेच बसले. कडुबा ब्रश घेऊन झाडापुढे बसलेला असायचा आणि चार हातांवर बापाची पाठ. एवढ्या जवळून एवढं गप्प राहायला दोघांकडेही चांगली ताकद लागत असणार.

जानेवारीत मंडळाचं प्रदर्शन होतं. मॅडमनी मधलं टेबल कडुबाच्या झाडासाठी राखलं आणि स्वतःकडची निळी जपानी कुंडी देऊ केली. कडुबाने मनाशी बेत केला. आबांना नवं धोतर नेसवून तिथं न्यायचं, झाडापुढे उभं करायचं, चार लोक वाखाणत असताना म्हणायचं, ‘आबा, बाग माझ्यामुळं गेली. पर तुमचं एक झाड म्या ठेवलंय.’ एवढी दोन वाक्यं. ती त्याने लेथ चालू असताना, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, महिनाभर घोटली. भाषणकलेच्या वर्गाला जागा मिळाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

प्रदर्शन शनिवारी. बुधवारी धोंडिबा गावी कुणाच्या तरी दहाव्याला जातो म्हणून गेले आणि गुरुवारी परत आले. बगलेत ओल्या गोणपाटाची सुरळी होती. आशाबाईने विचारलं तर म्हणाले, दहाव्याला दिली.

शुक्रवारी कडुबा पहिली शिफ्ट करून साडेतीनला गल्लीत शिरला आणि त्याच्या नाकाला झोंबलं. हा नेहमीचा वास नव्हता. तो उकळलेल्या गंधकाचा असायचा, हा जळालेल्याचा होता. जिना तो दोन-दोन पायऱ्यांनी चढला.

गच्चीवर बंब धुमसत होता. धोंडिबा आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून, ओल्या केसांनी खुर्चीवर बसले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीचं तोंड कुंडीकडे होतं. कुंडीतली मोसंबी जोडापासून सपाट कापलेली होती, कापल्या जागी निळं मलम फासलेलं. जंभेरीचा एकच सरळ कोंब ठेवलेला, आणि त्याच्यावर, मातीपासून वीतभर उंचीवर, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली. बंबाच्या तोंडाशी पांढऱ्या फांदीचं बोटभर टोक अजून जळायचं राहिलं होतं.

आधी धोंडिबाच बोलले. ‘मढं किती दिवस घरात ठेवायचं, कडुबा? अडीच वरीस झालं. जाळलं, आंघोळ केली.’

‘आबा, ते तुमच्या बागंतलं शेवटचं झाड व्हतं.’

‘म्हणून तर म्या जाळलं. दुसऱ्या कुणाला तो हक नव्हता.’

कडुबाला असा राग आला की हातातला डबा त्याने कुंड्यांमध्ये भिरकावला. महिनाभर घोटलेली वाक्यं आली ती सगळी उलटीसुलटी होऊन, आणि मोठ्याने. म्हणाला की बाग माझ्यामुळं गेली, म्या फोनवर तोडा म्हणलो म्हणून गेली, तुम्ही मला कधी एक शिवीसुद्धा दिली नाय, म्हणून म्या ते लाकूड जपत व्हतो, दुसरं मला करता येत नव्हतं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईने ऐकू येत नसल्यासारखं केलं आणि तोच पापड तिसऱ्यांदा उलटा केला.

धोंडिबांनी पंचाने एक कान पुसला, दुसरा पुसला. मग म्हणाले, ‘तुझा फोन आला बुधवारी. झाडं तोडणाराला म्या सोमवारीच सांगून आलतो.’

कडुबाने बोटांवर सोमवार, मंगळवार, बुधवार असे वार मोजले.

‘बद्रीनाथ टँकरच्या मागं पळत व्हता. मला बी पळता आलं असतं. पर म्या कटाळलो व्हतो. रोज सकाळी उठून तीनशे झाडांची तोंडं बघायची, आन् हातात काय नाय. मन उठलं माझं. बापानं कटाळून बाग तोडली, हे लोकाला कसं सांगू? तेवढ्यात तू म्हणलास तोडा. मला लई बरं वाटलं. गावात सांगाया झालं, पोरगं म्हणलं म्हणून तोडली.’

‘आन् मला?’

‘तुला सांगणार व्हतो. हितं आलो त्याच्यासाठीच. पर तू त्या लाकडाला रंग लावत बसलेला दिसायचास, आन् माझं तोंड उघडंना.’ मग म्हणाले, ‘ते पाप तुझं नव्हतं. उगा माझं तू जपत बसला.’

कडुबा बंबाशेजारी खाली बसला. दहा वेळा उकळलेलं गंधक, अग्निशमनची गाडी, लुगड्यात गुंडाळून आणलेलं झाड, मधलं टेबल, सगळं त्याला एकदम आठवलं. बापाचा त्याला मनस्वी राग आला. आणि त्या रागाच्या आत काहीतरी हलकं झाल्याचंही जाणवलं, अडीच वर्षांत पहिल्यांदा छाती भरून श्वास आत गेला. रागावलेलं असताना असं बरं वाटावं याचाच त्याला जास्त राग आला. त्याला रडू आलं, ते त्याने धुराच्या नावावर खपवलं. धोंडिबांनी ते खपू दिलं.

आशाबाई चहा घेऊन वर आली. तिने खालून सगळं ऐकलं होतं. दोघांच्या हातात कप दिले आणि म्हणाली की बाकी मला काही बोलायचं नाही, पण मामांनी आज आंघोळीला दोन बादल्या घेतल्यात आणि नळाला अजून चार दिवस आहेत.

चहा झाल्यावर धोंडिबांनी कुंडी पायाशी ओढून घेतली आणि कामाचं सांगितलं. डोळा भरलाय, काडी बद्रीनाथच्या बागेतली, त्याने स्वतः निवडून दिली. एकवीस दिवस पट्टीला पाणी लागू द्यायचं नाही. हिरवा राहिला तर लागला, काळा पडला तर दुसऱ्या बाजूने पुन्हा भरू, गोणपाटात अजून तीन काड्या आहेत. आणि ही ताटलीएवढी कुंडी काढून टाक, एवढ्याशा मातीत मोसंबी येत नसते, मोठा डबा आण. कडुबाने पट्टीवरून बोट फिरवलं. चूक काढायची फार इच्छा होती, पण बांधणी तंतोतंत होती. बापाचा हात आपल्यापेक्षा सरस आहे हे टर्नरला लगेच कळलं. त्याने कुंडी उचलली आणि उन्हातून भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली.

पाचच्या सुमारास मॅडमचा फोन आला. उद्या सकाळी आठला टेम्पो पाठवते, झाड नीट बांधून ठेवा, निळी कुंडी मी हॉलवरच आणतेय.

‘मॅडम, झाड आणता नाय येणार,’ कडुबा म्हणाला.

मॅडमचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला. ‘का हो शेजूळ, काय झालं? गेलं का ते?’

‘नाय मॅडम,’ कडुबा म्हणाला. ‘बरं व्हायला लागलंय. आता ते प्रदर्शनात ठेवण्यासारखं नाय राहिलं.’